रडारच्या चित्रावरून आपल्या भागातला पाऊस कसा ओळखायचा? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की नागपूरच्या रडारची चित्रं फोनवर फिरायला लागतात. त्यामागोमाग तेच तेच प्रश्न येतात: हा लाल डाग आमच्यावर येणार का, आला तर किती मिलिमीटर पडेल, काल इतका लाल होता तरी अंगण कोरडं कसं? त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. घरच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रडारशी ताडून पाहणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडेल, पण नुसतं चित्र बघणाऱ्यांचंही काम निघेल.

रडारवर दिसतो तो पाऊसच असतो का?

नाही. रडार रेडिओलहरींचा झोत हवेत सोडतं आणि थेंबांवर आपटून परत आलेला भाग मोजतं. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं आणि लहरीच्या जोरावरून रंग ठरतो. हा जोर डीबीझेड या एककात सांगतात. म्हणजे चित्रात दिसतं ते परावर्तन, आणि तेही जमिनीपासून बरंच वर, ढगात झालेलं. मिलिमीटर हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. पुढचे निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

नागपूरचं रडार कुठे आहे? ते किती लांबचं बघतं?

भारतीय हवामानशास्त्र विभागाचं प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावला, विमानतळाच्या परिसरात आहे. रडार त्यांचंच. ते एस-बँड डॉप्लर रडार आहे, म्हणजे लहरीची लांबी साधारण १० सेंटिमीटर. या लांबीचा फायदा असा की जवळच्या मुसळधार पावसातून पार होतानाही लहर फारशी क्षीण होत नाही आणि पलीकडचा ढग दिसत राहतो. ३ सेंटिमीटरच्या एक्स-बँड रडारात ही अडचण मोठी असते.

नेहमीच्या चित्राचा पल्ला २५० किलोमीटर. त्यात पूर्व विदर्भ जवळपास पूर्ण येतो, अमरावती आणि यवतमाळ येतात, अकोलाही काठावर बसतं. बुलडाणा बाहेर राहतं. पण दिसणं वेगळं आणि नीट मोजता येणं वेगळं. त्याबद्दल खाली आहे.

संकेतस्थळावर चार-पाच प्रकारची चित्रं असतात. कोणतं उघडू?

पाऊस कुठे आहे आणि कुठे सरकतोय हे बघायचं असेल तर मॅक्स-झेड. किती पडतोय हे बघायचं असेल तर एसआरआय, म्हणजे जमिनीजवळच्या पावसाची तीव्रता, मिलिमीटर प्रतितासात. दिवसभरात एकूण किती झाला ते पीएसीच्या चित्रात मिळतं. वेगाचं चित्र वादळाचा वारा ओळखायला असतं, पावसाच्या अंदाजाला त्याचा उपयोग थोडा.

बहुतेक लोक मॅक्स-झेडवरच थांबतात आणि त्यावरूनच मिलिमीटर सांगायला जातात. मॅक्स-झेडमध्ये त्या जागेच्या वर सगळ्या उंचीवर जे सर्वांत जास्त परावर्तन मिळालं ते दाखवलेलं असतं. सात किलोमीटर उंचीवर गारा असतील तर त्यांचा लाल रंग येतो, खाली जमिनीवर भुरभुर का असेना. म्हणून मॅक्स-झेड बघून कुणी "आता ऐंशी मिलिमीटर पडणार" असं लिहिलं, तर तो निरोप पुढे ढकलू नका.

या चित्राच्या वरच्या आणि उजव्या कडेला दोन अरुंद पट्ट्या असतात. बरेच जण त्या कापूनच चित्र पाठवतात. त्यात ढगाची उंची दिसते. लाल रंग खालपासून वरपर्यंत सलग असेल तर सर जोरदार आहे. वरच लोंबकळत असेल तर थोडं थांबून पुढची चित्रं बघावीत.

चित्रावरची वेळ चुकलेली दिसते.

चुकलेली नसते. बऱ्याच चित्रांवर जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. १२:०० लिहिलेलं चित्र संध्याकाळी साडेपाचचं. आत्ताचं चित्र साडेपाच तासांपूर्वीचं वाटतं ते बहुधा यामुळेच.

रंगावरून मिलिमीटर कसे काढायचे?

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग आकडे. थेंबाचं परावर्तन त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतं, तर त्यातलं पाणी तिसऱ्या घातावर. ३ मिलिमीटर व्यासाचा एकच थेंब रडारला १ मिलिमीटरच्या ७२९ थेंबांइतका दिसतो. पण पाणी? त्या एका थेंबात २७ छोट्या थेंबांचं पाणी, आणि ७२९ थेंबांत अर्थातच ७२९ थेंबांचं. रडारला दोन्ही सारखेच, जमिनीवर मात्र २७ पटींचा फरक.

म्हणून परावर्तनाचं मिलिमीटरमध्ये रूपांतर करायला कोणतंही एकच सूत्र पुरत नाही. मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली मांडलेलं सूत्र जुनं आणि अजूनही खूप वापरलं जाणारं. ते एकसंध, संथ पावसाला लागू पडतं. गडगडाटी सरींसाठी वेगळं सूत्र आहे आणि समुद्री हवेतल्या, लहान थेंबांच्या दाट पावसासाठी आणखी वेगळं. तिन्हींतून येणारे आकडे खाली दिले आहेत, सगळे मिलिमीटर प्रतितासात:

३० डीबीझेड: संथ पावसाच्या सूत्राने २.७, गडगडाटी २.४, समुद्री ३.२
३५ डीबीझेड: ५.६, ५.४, ८.३
४० डीबीझेड: ११.५, १२, २२
४५ डीबीझेड: २४, २८, ५६
५० डीबीझेड: ४९, ६३, १४७

तिशीच्या आसपास तिन्ही सूत्रांचं बऱ्यापैकी जमतं. पन्नासला पोचेपर्यंत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात तिपटीचं अंतर पडतं. जिथे अंदाजाची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो सर्वांत ढिला.

मग नागपूरला यातलं कोणतं सूत्र धरायचं?

महिना बघून धरा. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वावधान सुटतं, आभाळ भरून येतं, टपोरे थेंब टपटप पडतात आणि अर्ध्या तासात सगळं आटोपतं. थेंब मोठे, संख्या कमी. अशा वेळी रडार जमिनीवरच्या पावसापेक्षा जास्त दाखवतं. गडगडाटी सूत्र धरलं तरी आकडा थोडा खालीच ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडवरून विदर्भाकडे सरकतं आणि झड लागते, तेव्हा उलटं होतं. चित्रात सगळीकडे हिरवा-पिवळा रंग, लाल नावालाही नाही, आणि सकाळी पर्जन्यमापकात साठ-सत्तर मिलिमीटर. लहान थेंबांचा दाट पाऊस रडारला कमी दिसतो. अशा दिवशी समुद्री सूत्राचा आकडा खऱ्याच्या जास्त जवळ जातो.

लाल रंग दिसला की लोक घाबरतात. मला विचाराल तर झडीच्या दिवसांतला दहा तास न हलणारा पिवळा रंग जास्त काळजीचा.

एका सरीचा एकूण पाऊस हाताने कसा काढायचा?

चित्र साधारण दर दहा मिनिटांनी बदलतं. आपल्या जागेवरचा रंग प्रत्येक चित्रात बघायचा, त्याचे मिलिमीटर प्रतितास काढायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि सहाने भागायचं.

समजा मानेवाड्यावर एका तासात हे रंग आले: ३५, ४५, ४५, ४०, ३०, ३० डीबीझेड. गडगडाटी सूत्राने ५.४, २८, २८, १२, २.४, २.४. बेरीज सुमारे ७८, भागिले ६, म्हणजे १३ मिलिमीटर. तीच सहा चित्रं समुद्री सूत्रात घातली तर उत्तर २५ येतं. तेव्हा कुणी विचारलं तर "तेरा ते पंचवीसच्या दरम्यान" हेच प्रामाणिक उत्तर.

इथे एक चूक हटकून होते. लोक आधी डीबीझेडची सरासरी काढतात आणि मग एकदाच मिलिमीटर काढतात. वरच्या उदाहरणात सरासरी ३७.५ येते, तिचे गडगडाटी सूत्राने ८ मिलिमीटर होतात. तेराचे आठ झाले. डीबीझेड हे लॉगरिदमचं माप आहे, १० ने वाढलं की परावर्तन दसपट होतं. त्याची सरळ सरासरी काढून चालत नाही. आधी रूपांतर, मग बेरीज.

आणखी एक. झपाट्याने सरकणारी सर दोन चित्रांच्या मधल्या वेळात तुमच्या घरावरून निघूनही जाते. दोन्ही चित्रांत तुमची जागा हिरवी, मधली लाल पाच मिनिटं कुठेच नोंदलेली नाहीत. सर सरकत असेल तर तिचा वेग धरून मधली जागा मनाने भरून काढा.

रडारवर आमच्या डोक्यावर लाल होतं, खाली थेंब नाही. असं कसं?

कारणं तीन-चार आहेत. उन्हाळ्यात विदर्भातली खालची हवा इतकी कोरडी असते की पाऊस ढगातून निघतो आणि वाटेतच विरून जातो. मे महिन्यात ढगाच्या बुडाला लोंबणाऱ्या करड्या झालरी दिसतात, त्या याच. रडारचा झोत झालरीतून जातो, त्याच्यापुरता पाऊस असतोच.

दुसरं कारण वारा. दीड किलोमीटर उंचीवर दिसलेला थेंब खाली यायला चार मिनिटं घेतो. तेवढ्यात ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्याला अडीच किलोमीटर बाजूला नेतो. चित्रात मानेवाडा आणि पाणी पडतं हुडकेश्वरात, असं होणं अगदी साहजिक आहे. म्हणून एकाच चौकोनावर बोट ठेवून बसू नका, भोवतालचे दोन-तीन किलोमीटर बघा.

तिसरं, तुम्ही मॅक्स-झेड बघत असाल. ते वर आलंच आहे.

रडार कोरं आणि बाहेर पाऊस चालू, असंही होतं का?

होतं, विशेषतः रडारपासून दूर. झडीचे ढग बऱ्याचदा बुटके असतात आणि झोत त्यांच्या डोक्यावरून निघून जातो.

टॉर्चचा झोत लांब जातो तसा रुंदावतो आणि, थोडा वर रोखलेला असेल तर, उंचही जातो. रडारचंही तेच, त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर. सर्वांत खालचा झोत अर्धा अंश वर रोखलेला धरला तर ५० किलोमीटरवर, म्हणजे काटोल किंवा भंडाऱ्याच्या आसपास, तो जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर असतो. १०० किलोमीटरवर दीड किलोमीटर. चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, यवतमाळ ही ठिकाणं सरळ रेषेत १२५ ते १४५ किलोमीटरवर येतात, तिथे उंची दोन-अडीच किलोमीटर होते. २०० किलोमीटरवर चार किलोमीटर ओलांडते. भामरागडकडे पोचेपर्यंत झोत सहा किलोमीटरच्या जवळ असतो, म्हणजे पावसाळ्यात जिथे बर्फ वितळायला लागतो त्याच्याही वर. तिकडचा पाऊस नागपूरच्या रडारवरून मिलिमीटरमध्ये सांगू नये.

रुंदीही वाढते. एक अंश रुंदीचा झोत ५० किलोमीटरवर ९०० मीटर रुंद, २०० किलोमीटरवर साडेतीन किलोमीटर. छोटी पण जोरदार सर एवढ्या रुंदीत पातळ होऊन फिकी दिसते.

माझा साधा नियम: शंभर किलोमीटरपर्यंत मिलिमीटर काढा, त्यापुढे फक्त "आहे की नाही, येतोय की जातोय" एवढंच बघा.

पण रडार तर शहरातच आहे. म्हणजे नागपूरचा अंदाज सर्वांत अचूक?

असं वाटतं खरं, पण रडारच्या अगदी पायथ्याशी वेगळ्याच अडचणी असतात. तबकडी सरळ डोक्यावर बघत नाही. सर्वांत वरचा झोत साधारण वीस अंशांचा असला तर पाच किलोमीटरवर तो दोन किलोमीटरच्या आतच राहतो, त्यावरचा ढग दिसतच नाही. सोनेगाव, मनीष नगर, प्रतापनगर या पट्ट्यात ढग बारा किलोमीटर उंच असला तरी चित्रात त्याचं फक्त बूड येतं. शिवाय उंच इमारती, टेकड्या, टॉवर यांवरून येणारं परावर्तन गाळावं लागतं आणि ते गाळताना थोडा खरा पाऊसही गाळला जातो.

आणि रडारच्याच डोक्यावर धो-धो पडत असेल तर त्याच्या गोल आवरणावरून पाण्याचा थर वाहतो आणि सगळंच चित्र थोडं मंद पडतं. नागपुरात मुसळधार आणि चित्रात चोहीकडे अचानक फिकट, असं दिसलं तर हे लक्षात ठेवा.

कामठी, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, रामटेक, काटोल, म्हणजे साधारण १५ ते ६० किलोमीटरचं कडं, हे नागपूरच्या रडारला सर्वांत सोयीचं. शहरापेक्षा तिथला अंदाज बरा येतो.

पाऊस नसताना ठिपके आणि रेघा कसल्या दिसतात?

शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, झोत खाली वाकतो आणि जमिनीवरूनच परावर्तित होतो. हे ठिपके जागचे हलत नाहीत, त्यावरून ओळखू येतात. किडे आणि पक्ष्यांचे थवेही दिसतात, विशेषतः रडारभोवती फिकट निळं वर्तुळ म्हणून. मध्यापासून काठापर्यंत सरळ गेलेली रेघ म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी रेडिओयंत्राचा व्यत्यय. सूर्योदय-सूर्यास्ताला सूर्याच्या दिशेनेही अशी रेघ येते. पाऊस कधीच पट्टीने आखल्यासारखा पडत नाही.

गारपीट ओळखता येते का? संत्र्याचा बाग आहे.

बऱ्याच अंशी येते. ५५ डीबीझेडच्या वरचा रंग, तोही उंचावर, असेल तर गारांची शक्यता धरून चला. काटोल, नरखेड, वरुड पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबिया बहाराच्या वेळी हे होतं, आणि तेव्हा चित्रातल्या कडेच्या पट्ट्या बघणं महत्त्वाचं.

फक्त अशा वेळी मिलिमीटर काढू नका. ओल्या गारेचं परावर्तन अफाट असतं आणि सूत्र तिला पाणी समजतं. म्हणूनच पाऊस काढणाऱ्या प्रणाल्या ५३ डीबीझेडच्या आसपास मर्यादा घालतात, म्हणजे गडगडाटी सूत्राने तासाला सुमारे १०४ मिलिमीटर. त्याहून वरचा रंग असला तरी पाऊस तेवढाच धरतात.

सर किती वेळात पोचेल हे कसं सांगायचं?

शेवटची सात चित्रं एकापाठोपाठ बघा. सरीची पुढची कड तासाभरात किती सरकली ते मोजा, उरलेल्या अंतराला त्याने भागा. वाडीहून धरमपेठेकडे येणाऱ्या सरीला हे ठीक लागू पडतं.

अर्ध्या तासापर्यंत हा हिशेब चांगला चालतो, तासापर्यंत बरा, दोन तासांपुढे सोडून द्या. कारण गडगडाटी ढगाचं आयुष्यच तासाभराचं असतं. जो डाग सरकताना दिसतो तो बऱ्याचदा एकच ढग नसतो. जुना मरतो आणि त्याच्या शेजारी नवा उगवतो. नवे ढग मागच्या बाजूला उगवत राहिले तर डाग जागचा हलत नाही आणि त्याच वस्तीवर तास-दोन तास ओतत राहतो. चित्रात "सरकत नाही" असं दिसलं की गाडी नरेंद्र नगरच्या भुयारी रस्त्याकडे नेऊ नका.

सप्टेंबर २०२३ चा पूर रडारवर आधी दिसला असता का?

पाऊस दिसला असता, पूर नाही. २२ सप्टेंबरच्या रात्रीपासून २३ च्या पहाटेपर्यंत काही तासांत शहरात १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं. डोक्यावर ढग उभा आहे हे चित्रात दर दहा मिनिटांनी कळत असतं. तो आणखी तीन तास उभा राहील, हे त्यात लिहिलेलं नसतं. आणि तलाव आधीच किती भरलाय, नाला किती अरुंद झालाय, हे रडारला माहीत असण्याचं कारणच नाही. जुलै २०१८ मध्ये विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन नागपुरात चालू असताना शहर असंच बुडालं होतं आणि वीज गेल्याने कामकाज थांबवावं लागलं होतं.

१ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. तेवढं पाणी कुठल्या वाटेने जाईल हा प्रश्न हवामान खात्यापेक्षा महापालिकेला विचारण्याचा.

घरी पर्जन्यमापक कसा करू?

दुकानातला प्लास्टिकचा घेतलात तर उत्तम. नाही तर सरळ भिंतींचं, सपाट बुडाचं कोणतंही भांडं चालतं. साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. थोड्या पावसाला हे चुकतं, म्हणून नरसाळं आणि बाटली बरी. नरसाळ्याचं तोंड १२ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ११.३ मिलिलिटर पाणी जमतं. ते औषधाच्या पिचकारीने मोजता येतं. ५६ मिलिलिटर भरलं तर ५ मिलिमीटर.

जागा महत्त्वाची. गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवलेला पर्जन्यमापक वाऱ्याच्या बाजूने कमी पाऊस पकडतो. झाड, भिंत, टाकी जितकी उंच असेल त्याच्या दुपटीहून दूर ठेवा. शेतात धुऱ्यावरच्या बाभळीखाली तर मुळीच नको. जमिनीवर ठेवणार असाल तर तोंड ३० सेंटिमीटर उंचीवर असू द्या, म्हणजे उडालेले शिंतोडे आत जाणार नाहीत.

मापकाचा आकडा आणि रडारचा आकडा जुळवायचा कसा?

या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत उपयोगाचं काम हेच, आणि ते फार कमी लोक करतात. एका वहीत प्रत्येक पावसाचे दोन आकडे लिहा: रडारवरून काढलेला आणि मापकातला. महिन्याच्या शेवटी दोन्ही रकान्यांची बेरीज करा. समजा रडारचे १८० झाले आणि मापकाचे २४०. २४० भागिले १८० म्हणजे १.३३. पुढच्या महिन्यात तशाच प्रकारचा पाऊस असेल तर रडारच्या आकड्याला १.३३ ने गुणा.

प्रत्येक सरीचं वेगळं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेऊ नका. दोन मिलिमीटरच्या सरीत रडार एक दाखवतं तेव्हा गुणोत्तर दोन येतं, आणि ही फुटकळ सर पन्नास मिलिमीटरच्या पावसाइतकीच वजनदार होऊन बसते. जून आणि जुलै-ऑगस्टचे हिशेबही वेगळे ठेवा. थेंबांचं सांगितलंच आहे.

हा गुणक तुमच्या जागेचा असतो. शेजारच्या गावाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. विशेषतः तुम्ही कळमेश्वरला आणि ते अमरावतीला असतील तर.

पेपरातला नागपूरचा आकडा माझ्या आकड्याशी का जुळत नाही?

खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी सकाळी जाहीर झालेला पाऊस सोमवारी साडेआठपासूनचा असतो. तुम्ही रात्री बाराला मोजत असाल तर कधीच जुळणार नाही. शिवाय तो आकडा त्यांच्या वेधशाळेचा आहे. पारडीला चाळीस मिलिमीटर आणि सोनेगावला दोन, हे जूनमध्ये सहज घडतं.

रडारचं चित्र दाखवून अतिवृष्टीची भरपाई मागता येते का?

नाही. त्यासाठी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद धरतात, २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकष. तुमच्या वावरात शंभर पडला आणि मंडळाच्या यंत्रावर पन्नास, तर कागदावर पन्नासच. पंचनाम्यासाठी नुकसानीचे फोटो काढून ठेवा. रडारच्या चित्राचा उपयोग फार तर पाऊस मंडळाच्या एकाच बाजूला झाला हे समजावून सांगायला होईल.

पेरणी रडार बघून ठरवू का?

ठरवू नका. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा असा कृषी सल्ला असतो, आणि तो मातीत मुरलेला हवा. पहिल्या दोन सरी रडारवर भरघोस दिसतात हे वर आलंच आहे. त्यावर विसंबून सोयाबीन टाकलं तर दुबार पेरणीची पाळी येते. मापकातली बेरीज धरा आणि वीतभर खणून ओल बघा.

फोनमधल्या ॲपवर पुढच्या सहा तासांचं रडार दिसतं. ते खरं का?

पुढचं रडार अशी चीज नसते. रडारला झालेलंच दिसतं. ॲपमधला पुढचा भाग म्हणजे संगणकाचं भाकीत, फक्त रडारच्या रंगांत रंगवलेलं. काही ॲपमध्ये तर मागचा भागही उपग्रहावरून काढलेला असतो. खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मौसम ॲपवर मूळ चित्र बघा, मग बाकीचं.

विजेचं काय?

त्यासाठी रडार नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते जवळ पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. शेतात असाल आणि गडगडाट ऐकू आला तर ॲप उघडत बसण्याआधी झाडाखालून निघा.

रडार बंद असेल तर?

देखभालीसाठी किंवा बिघाडामुळे अधूनमधून बंद असतं. भोपाळ आणि हैदराबादला रडार आहेत, पण नागपूर शहर दोघांच्याही २५० किलोमीटरच्या बाहेर पडतं. अशा वेळी इन्सॅटची उपग्रहचित्रं बघा. त्यात ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं, त्यावरून पाऊस कुठल्या जिल्ह्यात असेल एवढं कळतं, मिलिमीटर नाही. त्याच्या जोडीला स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी आणि तुमचा स्वतःचा मापक. आणि उमरेडला किंवा कामठीला कुणी ओळखीचं असेल तर फोन करून विचारा, "भाऊ, तिकडे लागला का?"